कॅनडात वणवा आणि न्यू जर्सीत भरदुपारी अंधार : हा धूर एवढा लांब येतो कसा?

एडिसनकर | ८ जून २०२३

मंडळी, एडिसनमध्ये कालपासून सगळं पिवळं-नारिंगी झालंय. दुपारी दोनला गाड्यांचे हेडलाइट लागलेले, सूर्याकडे सरळ बघता येत होतं आणि दारं-खिडक्या बंद करूनही घरात जळक्या लाकडाचा वास. न्यूयॉर्कचा एक्यूआय (हवा किती खराब ते सांगणारा निर्देशांक) काल चारशेच्या वर गेला, लाग्वार्डियाला येणारी विमानं काही वेळ रोखून धरली, यांकीजची मॅच पुढे ढकलली. आमच्या मंडळाची रविवारची पिकनिक रद्द, पार्कचं भाडं परत मिळणार नाही ते वेगळंच.

बातम्यांत एकच वाक्य, क्युबेकमधल्या वणव्यांचा धूर आहे म्हणून. अहो पण ते जंगल इथून आठशे-हजार किलोमीटरवर! माझे भाबडे प्रश्न असे :
इतक्या लांब येईपर्यंत तो विरत कसा नाही?
धूर वर जातो असं शाळेत शिकलो, मग हा खाली माझ्या नाकात का आला?
आणि तिसरा आईचा, साताऱ्याहून. "तो धूर इकडे येईल का रे? पाऊस लांबलाय तो त्याच्यामुळेच का?"
जाणकारांनी उजेड पाडावा.

तिखटमीठ | ८ जून २०२३

उजेड पाडायला सूर्य शिल्लक आहे का तुमच्याकडे?

दिल्लीत_अडकलेला | ८ जून २०२३

चारशे म्हणजे आमच्याकडे नोव्हेंबरातला साधा सोमवार. पोरं खाली क्रिकेट खेळत असतात. गेट वेल सून, अमेरिका.

हिशेबनीस | ८ जून २०२३

दिल्लीकर, दोन्हीकडचा एक्यूआय एक नाही हो, आकड्याला आकडा लावू नका. पीएम २.५ (अडीच मायक्रॉनहून बारीक कण) दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम असेल तर भारतात एक्यूआय १०० येतो आणि त्याला आपण 'समाधानकारक' म्हणतो. तेवढ्याच हवेला अमेरिकेत (२०२३ च्या मोजपट्टीवर) दीडशेच्या पुढे आकडा आणि 'अनहेल्दी'चा लाल रंग. १२० मायक्रोग्रॅमला भारतात ३००, अमेरिकेत १८५ च्या आसपास. २५० ला भारतात ४०० आणि अमेरिकेत ३००. थोडक्यात हवा जरा खराब असते तेव्हा त्यांचा आकडा मोठा, भयंकर झाली की आपला मोठा. त्यांचे कालचे चारशे म्हणजे ३५० मायक्रोग्रॅम, आपल्या मोजपट्टीवर ते 'सिव्हिअर'मध्ये चांगलं आतपर्यंत गेलं असतं. शिवाय आपला आकडा चोवीस तासांच्या सरासरीचा असतो, तासाचा नाही.

दिल्लीत_अडकलेला | ८ जून २०२३

बरं. माझा जोक तुम्ही मायक्रोग्रॅममध्ये मोजून दिलात, आभारी आहे.

ढगफोड्या | ८ जून २०२३

एडिसनकर, हवेच्या मॉडेलवरच माझं पोट भरतं म्हणून जरा लांबण लावतो.

जूनच्या सुरुवातीला क्युबेकमध्ये विजा पडून एकदम शंभरावर ठिकाणी आगी लागल्या. जंगल आधीच वाळलेलं, मे महिना उष्ण गेलेला. त्याच वेळी मेन आणि नोव्हा स्कोशियाच्या आसपास एक कमी दाबाचं क्षेत्र येऊन बसलं आणि हलेचना. उत्तर गोलार्धात कमी दाबाभोवती वारा घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणजे त्याच्या पश्चिमेच्या बाजूला वारा उत्तरेकडून दक्षिणेकडे. नकाशा उघडून बघा, त्या बाजूला वरच्या टोकाला क्युबेकच्या आगी आणि खालच्या टोकाला तुम्ही. एरवी तिथला धूर पूर्वेला समुद्रावर निघून जातो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. ह्या वेळी वाट बदलली एवढंच.

आता विरत का नाही. धुराचे बहुतेक कण ०.१ ते १ मायक्रॉनचे. एवढ्या बारीक कणाला खाली पडायचा वेग जवळजवळ नसतोच, हवेची साधी चुळबुळसुद्धा त्याला वर धरून ठेवते. त्याला खाली आणतो तो पाऊस. पाऊस नसेल तर आठवडा, दहा दिवस तो आरामात तरंगतो आणि दिवसाला हजार किलोमीटर तोडणं वाऱ्याला जड नाही. पातळ होतो, हो. पण सुरुवातच इतकी दाट असते की हजार किलोमीटरनंतर उरतो तोही भरपूर असतो.

खाली का आला : वर किती चढणार हे आगीच्या उष्णतेवर आणि त्या दिवशीच्या हवेवर ठरतं. क्युबेकचा बराचसा धूर काही फार उंच गेला नव्हता आणि कमी दाबाच्या मागच्या बाजूला हवा खाली बसत असते, तिच्याबरोबर तोही उतरला. त्यात दिवसा ऊन लागून जमिनीलगतची हवा घुसळते, त्यात वरचा धूर मिसळतो आणि तुमच्या नाकात येतो.

आईंच्या प्रश्नाला नंतर येतो, मीटिंग आहे.

कुंपणावरची_चिमणी | ८ जून २०२३

मस्त समजावलंत! पण मला सांगा सूर्य लाल का दिसतो? धूर तर करडा असतो.

ढगफोड्या | ८ जून २०२३

ह्या आकाराचे कण निळा प्रकाश जास्त विखुरतात, काही शोषूनही घेतात, सरळ तुमच्या डोळ्यापर्यंत पोचतो तो लाल-नारिंगी. २०२० मध्ये ९ सप्टेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत अख्खा दिवस तसा गेला. गंमत म्हणजे तेव्हा तिथे जमिनीवरची हवा रंगाच्या मानाने बरी होती, धूर वरच अडकला होता आणि खाली समुद्रावरून आलेलं धुकं होतं. म्हणून आकाशाच्या रंगावरून हवा ओळखू नये, मीटर बघावा.

जुनी_वही | ९ जून २०२३

लाल सूर्य सोडा, निळा सूर्यसुद्धा दिसलेला आहे. २६ सप्टेंबर १९५०, एडिंबरा. दुपारी लोकांनी वर बघितलं तर सूर्य निळा, रात्री चंद्रही तसाच. कारण? कॅनडातला चिंचागा वणवा. अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबियाच्या सीमेवर जूनपासून पेटलेला, दहा लाख हेक्टरच्या वर जंगल खाल्लं त्याने. धुराचा लोट दोन दिवस आधी ओंटारियो, न्यूयॉर्क, पेन्सिल्वेनियावरून गेला तेव्हा दुपारी अंधार पडला, खेळाच्या मैदानांवर दिवे लावावे लागले. काळ शीतयुद्धाचा, त्यामुळे काहींना अणुबॉम्बच आठवला. मग तोच लोट अटलांटिक ओलांडून स्कॉटलंडवर. निळा रंग का तर कण साधारण एक मायक्रॉनचे आणि जवळजवळ सगळे एकाच मापाचे होते, असं जमलं तर लाल जास्त विखुरला जातो. फार क्वचित जमतं.

त्याहून जुनं पाहिजे तर १९ मे १७८०, न्यू इंग्लंडचा 'काळा दिवस'. भरदुपारी मेणबत्त्या. कनेटिकटच्या विधिमंडळात लोक म्हणाले प्रलय आला, सभा संपवा. अब्राहम डेव्हनपोर्ट नावाचे सभासद म्हणाले, प्रलय नसेल तर थांबायचं कारण नाही आणि असेल तर मला काम करताना सापडलेलं बरं, मेणबत्त्या आणा. त्याचं कारण दोनशे वर्षांनी कळलं, ओंटारियोतल्या झाडांच्या वर्षवलयांत त्या सालचा जळल्याचा डाग सापडला.

तिखटमीठ | ९ जून २०२३

डेव्हनपोर्ट साहेब आमच्या मॅनेजरचे खापरपणजोबा असावेत. काल टीम कॉलवर म्हणाला, घरूनच काम आहे ना, मग धुराचं काय.

सात्विक_सूर | ९ जून २०२३

इतकं सगळं वाचलं, पण आपल्या परंपरेतला उपाय कुणी सांगत नाही. गायीच्या गोवऱ्या आणि शुद्ध तूप घालून सकाळ-संध्याकाळ अग्निहोत्र केलं तर घरातली हवा शुद्ध होते. करून बघा एडिसनकर.

श्वासवैद्य | ९ जून २०२३

नका करू एडिसनकर. सात्विकताई, श्रद्धेला हात लावत नाही, मोकळ्या अंगणात जे करायचं ते करा. पण बाहेर पीएम २.५ साडेतीनशे असताना बंद घरात गोवरी पेटवणं म्हणजे जे बाहेर ठेवायला खिडक्या लावल्या तेच आत तयार करणं. जळणाऱ्या कुठल्याही वस्तूतून बारीक कण येतात, गोवरी देशी गायीची असली तरी. उदबत्ती, मेणबत्ती, फोडणीसुद्धा ह्या दोन दिवसांत कमी. तळण नको.

कुंपणावरची_चिमणी | ९ जून २०२३

डॉक्टर, माझी आजी जन्मभर चुलीपुढे बसली आणि नव्वदीपर्यंत ठणठणीत होती. आत्ताच्या लोकांनाच सगळं बाधतं.

श्वासवैद्य | ९ जून २०२३

जी आजी जगली तिची गोष्ट नात सांगते. ज्या खोकून खोकून पन्नाशीत गेल्या त्यांना घरात 'दमेकरी' म्हणायचे आणि विषय संपायचा. कधी विडी न ओढलेल्या बायकांची फुफ्फुसं अट्टल धूम्रपान करणाऱ्यासारखी झालेली आम्ही ओपीडीत बघतो, हिस्टरी विचारली की चूल निघते. आणि नुसतं फुफ्फुस नाही, हे कण रक्तापर्यंत पोचतात, धुराच्या दिवसांत हार्टचे पेशंटही वाढतात. एडिसनकर, बाहेर जाताना एन ९५ लावा. रुमाल, ओढणी, कापडी मास्क ह्या कणांना फारसं अडवत नाहीत.

सह्यवेडा | ९ जून २०२३

आपल्याकडचं सांगतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेल्हा, भोर, जुन्नर कुठेही जा, रात्री डोंगरावर आगीची माळ दिसते. 'डोंगर पेटवला की गवत जोमानं येतं' ही समजूत अजून गेली नाही. वन खातं जाळरेषा (आग अडवायला मोकळा पट्टा) काढतं, आम्ही ट्रेकर पोरं फांद्या घेऊन झोडपत विझवतो, दुसऱ्या दिवशी शेजारचा डोंगर पेटलेला. पण तो धूर सकाळी दरीत साचलेला दिसतो आणि दुपारपर्यंत गायब. पुण्यातसुद्धा पोचत नाही धड. मग कॅनडाचाच का एवढा जातो?

ढगफोड्या | १० जून २०२३

चांगला प्रश्न. गवत भसकन पेटतं आणि संपतं, एकूण उष्णता कमी, धूर जमिनीलगत राहतो. कॅनडाच्या जंगलात स्प्रूस, पाइन, खाली वर्षानुवर्षांचा पालापाचोळा आणि पीट, म्हणजे दलदलीत साचलेला अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचा थर. शेंड्यावरून आग पळायला लागली की उष्णता इतकी निघते की हवेचा स्तंभच वर फेकला जातो आणि उंचावर वारा जोराचा. लांबचा प्रवास हा सगळा उंचीचा खेळ आहे.

सिंगापुरी_भाकरी | १० जून २०२३

उंचीशिवायही होतं हो दादा. आमच्याकडे सुमात्रातला धूर येतो तो असा उंच चढून नाही, जमिनीलगतच्या वाऱ्याने थेट दारात. तिथे शेतीसाठी, पाम तेलासाठी पीटची दलदल कोरडी करून जाळतात. वर सात्विकताईंनी गोवरीचं काढलंच आहे तर, पीट अगदी गोवरीसारखं धुमसतं, ज्वाळा नाही, नुसता धूर आणि जमिनीच्या आत आत महिनोन् महिने. २१ जून २०१३ ला इथे पीएसआय (सिंगापूरचा हवेचा निर्देशांक) ४०१ झाला होता, तोपर्यंतचा उच्चांक. एन ९५ दुकानातून गायब. २०१५ मध्ये सप्टेंबरात शाळा बंद ठेवल्या एक दिवस. त्या वर्षी इंडोनेशियात २६ लाख हेक्टर जळालं आणि जागतिक बँकेने नुकसान १६ अब्ज डॉलर धरलं होतं.

आणि राजकारण तर विचारू नका. आसियान देशांनी २००२ मध्येच धुराचा करार केला, ज्यांच्याकडून धूर येतो त्या इंडोनेशियाने मान्य केला २०१४ ला. सिंगापूरने मग २०१४ मध्ये स्वतःचाच कायदा केला की बाहेरच्या देशात आग लावून इथे धूर पाठवणाऱ्या कंपनीला दंड. दंड वसूल करायचा कसा ही पुढची गोष्ट.

तिखटमीठ | १० जून २०२३

म्हणजे शेजारच्यांनी कचरा जाळल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर जे होतं तेच, फक्त परराष्ट्रमंत्री लेव्हलला.

सिडनीची_माई | ११ जून २०२३

एडिसनकरांचं वर्णन वाचून अंगावर काटा आला. २०१९ चा डिसेंबर आम्ही इथे काढलाय. शहरात आग नाही, पण ऑफिसांच्या इमारतींतले फायर अलार्म धुराने वाजत होते, लोक जिने उतरून खाली येत आणि खाली आणखी जास्त धूर. फेरीबोटी बंद. बीचवर गेलो तर लाटांबरोबर काळी राख आणि जळकी पानं. नातवाला महिनाभर बागेत नेलं नाही. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी कॅनबेरातली हवा जगातली सगळ्यात वाईट होती. आणि ५ जानेवारीला दोन हजार किलोमीटर समुद्र ओलांडून ऑकलंडचं आकाश नारिंगी झालं, तिकडे माझी भाची असते, तिने फोटो पाठवले. न्यूझीलंडच्या हिमनद्या तपकिरी दिसत होत्या. पुढे चिली-अर्जेंटिनापर्यंत गेला म्हणे.

ढगफोड्या | ११ जून २०२३

माई, तुमचा धूर तर अभ्यासाच्या पुस्तकात जाऊन बसलाय. सविस्तर लिहितो कारण ह्याच्याइतकं भन्नाट प्रकरण दुसरं नाही.

आग पुरेशी मोठी आणि हवा पुरेशी अस्थिर असेल तर धुराच्या डोक्यावर गडगडाटी ढग तयार होतो, त्याला पायरोक्युम्युलोनिंबस म्हणतात. हा ढग वीज पाडतो, त्या विजेने पुढे नव्या आगी लागतात, पाऊस मात्र फारसा देत नाही. आणि धूर थेट दहा-पंधरा किलोमीटरवर, स्थितांबरात नेऊन सोडतो. तिथे पाऊस नाही, म्हणजे धुवून काढायला कुणी नाही. खाली जो धूर आठवड्यात संपतो तो तिथे महिनोन् महिने राहतो.

पुढची गंमत. धुरात काजळी असते, काळी. ती ऊन शोषते, आजूबाजूची हवा तापवते आणि तापलेली हवा तिला घेऊन आणखी वर चढते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश कोलंबियातला धूर १२ किलोमीटरच्या आसपास घुसला होता, दोन महिन्यांत आपोआप २३ किलोमीटरवर गेला. सिडनीच्या बाजूचा त्याहून वरताण. २०१९ च्या शेवटच्या आणि २०२० च्या पहिल्या आठवड्यात मिळून जवळजवळ दहा लाख टन धूर वर गेला. त्यातला एक गोळा हजार किलोमीटर रुंदीचा, स्वतःभोवती फिरणारा भोवरा होऊन बसला, ३५ किलोमीटर उंचीपर्यंत चढला आणि फुटण्याआधी साठ हजार किलोमीटरच्या वर भटकला. असा भोवरा आधी कुणी पाहिलाच नव्हता.

ओझोनचंही आहे. सुझन सॉलोमन, ज्यांनी ऐंशीच्या दशकात अंटार्क्टिकाचं ओझोनचं भोक का पडतं ते उलगडलं, त्यांच्या गटाचा पेपर ह्याच मार्चमध्ये आलाय. धुराच्या कणांवर क्लोरीनची रसायनं अशा तापमानालाही सक्रिय होतात जिथे एरवी होत नाहीत, आणि त्यामुळे २०२० मध्ये दक्षिण गोलार्धाच्या मधल्या पट्ट्यात ओझोन ३ ते ५ टक्के घटला. सीएफसी (फ्रिज-स्प्रेमधली ओझोन खाणारी रसायनं) बंद करून जे कमावलं त्यातलं थोडं वणवे खातायत.

निवांत_पेन्शनर | ११ जून २०२३

मी सौदीत दम्मामला होतो १९९१ साली. इराकी सैन्याने माघार घेताना कुवेतच्या सहाशेवर तेलविहिरी पेटवल्या. दुपारी बाराला संध्याकाळ, पाऊस पडला तो काळा, वाळत घातलेले कपडे फेकून द्यावे लागले. तेव्हा टीव्हीवर अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन सांगत होते की हा धूर वर जाईल, आशियाचा मान्सून बिघडेल, पिकं जातील. इकडे घरून पत्रं, परत या म्हणून. काही झालं नाही. नोव्हेंबरात शेवटची विहीर विझली आणि जग होतं तसंच. तेव्हा आज तुम्ही सांगताय ते भोवरे आणि ओझोन, मी जरा मीठ टाकूनच वाचतो. शास्त्रज्ञांना घाबरवायला आवडतं.

ढगफोड्या | १२ जून २०२३

काका, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि सेगन यांचं भाकीत चुकलं ते खरंच. पण का चुकलं ते बघा. कुवेतचा धूर पाच-सहा किलोमीटरच्या वर फारसा गेलाच नाही. आगी शेकडो पण एकेकट्या, विखुरलेल्या. विहिरीतल्या खारट पाण्यामुळे धुरात क्षारही होते, असे कण ओलावा पकडतात आणि लवकर धुतले जातात. तुमचे कपडे ज्या काळ्या पावसाने गेले त्यानेच हवा साफ केली! म्हणजे तिथेही उंचीच नडली. २०१७ आणि २०२० ची गोष्ट भाकीत नाही, ते मोजलेलं आहे. कॅलिप्सो नावाचा उपग्रह वरून लेझर सोडून धुराच्या थराची उंची मोजायचा, त्यातून आलेले आकडे आहेत.

निवांत_पेन्शनर | १२ जून २०२३

मोजलेलं असेल तर मान्य. क्षारांचं ठाऊक नव्हतं. पण सेगनवर माझा राग आहे तो राहणार, माझ्या आईने तेव्हा नवस बोलले होते.

एडिसनकर | १२ जून २०२३

इथे आकाश निळं झालंय मंडळी. धागा मात्र माझ्या हातातून कधीच गेला. ढगफोड्या, आईचा प्रश्न राहिलाय, रोज विचारते.

ढगफोड्या | १३ जून २०२३

आईंना सांगा, निर्धास्त राहा. एक तर त्या अक्षांशांवर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे, धूर अटलांटिक ओलांडून युरोपकडे जातो आणि वाटेत बराचसा पावसात पडतो. दुसरं, जूनमध्ये साताऱ्यावर येणारा वारा अरबी समुद्रावरून येतो, वाटेत धूर कुठे असणार. काही थोडा अंश खूप उंचावरून गेला तरी उपकरणालाच कळेल, नाकाला नाही. आणि पाऊस लांबलाय त्यात क्युबेकचा काही हात नाही. मान्सून केरळात आलाच ८ तारखेला, म्हणजे उशिरा, आणि अरबी समुद्रात बिपरजॉय वादळ बसलंय ते ओलावा स्वतःकडे ओढतंय. त्याच्यावर चिडा म्हणावं.

पेठेतला_पाहुणा | १३ जून २०२३

लांबून काहीच येत नाही असंही नाही हं. २०२२ च्या जानेवारीत एका रविवारी पुण्या-मुंबईत सगळ्या गाड्यांवर पांढरट धुळीचा थर होता, ती धूळ पाकिस्तानच्या बाजूने अरबी समुद्रावरून आली होती. आमच्या सोसायटीत मात्र ठरलं की शेजारच्या बिल्डिंगच्या बांधकामाचीच आहे, बिल्डरला पत्र गेलं, त्याने उत्तरही दिलं नाही.

ओस्लोतली_जाई | १३ जून २०२३

युरोपचं नाव निघालं म्हणून. नॉर्वेतल्या निलू ह्या हवा मोजणाऱ्या संस्थेने जाहीर केलंय की एडिसनकरांचा धूर इथे दक्षिण किनाऱ्याजवळच्या त्यांच्या केंद्रावर गेल्याच आठवड्यात मोजला गेला. आम्हाला वास नाही, रंग नाही, काहीच नाही. आकडे वर सरकले म्हणून कळलं. न्यू जर्सीत श्वास कोंडतो आणि इथे त्याची फक्त बातमी होते, गंमतच आहे.

कॅल्गरीकाका | २० ऑगस्ट २०२३

धागा वर काढतोय. तुम्ही पूर्वेकडचे लोक दोन दिवस नारिंगी झालात तर जगभर बातमी, आम्ही मे महिन्यापासून हेच खातोय. अल्बर्टात मेच्या पहिल्या आठवड्यातच आणीबाणी जाहीर झाली. आणि ह्या आठवड्यात यलोनाइफ रिकामं केलं, नॉर्थवेस्ट टेरिटरीजची वीस हजार वस्तीची राजधानी, एकच रस्ता बाहेर. ब्रिटिश कोलंबियातल्या केलोनात तळ्याच्या पलीकडून ठिणग्या उडून अलीकडे आग. आमच्याकडे तिकडून आलेलं एक कुटुंब राहायला आहे, सोबत आणलंय काय तर कागदपत्रं, लग्नाचा अल्बम आणि कुकर. ताईंना विचारलं कुकर का, तर म्हणाल्या हात जाईल ते उचललं.

भावांनो, लांबच्या धुरावर बोलताना जवळच्यांचीही आठवण ठेवा. सुरुवातीला प्रश्न होता धूर एवढा लांब येतो कसा. मी म्हणतो येतो तो फक्त बारीक भाग, जड राख आमच्या गाडीच्या काचेवरच राहते.

श्वासवैद्य | २० ऑगस्ट २०२३

काका, काळजी घ्या. एक भर घालतो, लांबून येताना धूर सौम्य होतो असं धरू नका. वाटेत उन्हामुळे त्याच्यात रासायनिक बदल होतात, काही वायू घटतात, वास कमी होतो, पण ओझोन तयार होत जातो, तो जमिनीलगत असेल तर फुफ्फुसाला वाईटच. वास नाही म्हणून मास्क काढू नये.

हिशेबनीस | ३० ऑगस्ट २०२४

वर्षाने वर काढतोय कारण आकडा आलाय. 'नेचर'मध्ये परवा पेपर आला, २०२३ च्या मे ते सप्टेंबरमध्ये कॅनडाच्या वणव्यांतून सुमारे ६४ कोटी टन कार्बन हवेत गेला. पाच महिन्यांत, फक्त आगीतून. हे चीन, अमेरिका आणि भारत सोडून इतर कुठल्याही देशाच्या वर्षभराच्या कोळसा-तेल-गॅसपेक्षा जास्त आहे. आणि गंमत म्हणजे देशांच्या हिशेबात वणवा बहुतेक 'नैसर्गिक' खात्यात जातो, म्हणजे कुणाच्याच नावावर नाही. काजळी आठवड्यात पडेल, कार्बन डायऑक्साइड नाही पडणार. निवांतकाका, ह्याला मीठ टाकू नका.

निवांत_पेन्शनर | ३१ ऑगस्ट २०२४

नाही टाकत. पण जंगल परत उगवलं की कार्बन परत घेतंच ना?

ढगफोड्या | ३१ ऑगस्ट २०२४

घेतं काका, पण त्या थंडीत स्प्रूस वाढायला अनेक दशकं लागतात आणि तोवर तिथेच परत आग लागली नाही तर. पीट जळालं असेल तर शतकांचा हिशेब. २०२३ च्या काही आगी बर्फाखाली पीटमध्ये धुमसत राहिल्या आणि २०२४ च्या वसंतात परत डोकं वर काढलं.

एडिसनकर | १ सप्टेंबर २०२४

वाचतोय सगळं. एक व्यवहाराचं विचारतो. गेल्या वर्षी एअर प्युरिफायर कुठेच मिळाला नव्हता. कुणीतरी सांगितलं की चौकोनी पंख्याला चार बाजूंनी फर्नेसचे फिल्टर टेपने चिकटवून घरीच करता येतो. दुकानात मर्व्ह ११ आहेत (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती कण पकडतो त्याची श्रेणी), १३ दुप्पट किमतीचे. ११ चालतील का?

श्वासवैद्य | १ सप्टेंबर २०२४

कॉर्सी-रोझेंथाल बॉक्स म्हणतात त्याला, करोनात निघाला आणि उत्तम चालतो. पण धुराचे कण एक मायक्रॉनच्या खालचे. ०.३ ते १ मायक्रॉनमध्ये मर्व्ह ११ एका फेरीत निदान २० टक्के पकडतो, १३ निदान ५०. पैसे १३ वर घाला आणि पंखा साधा घ्या.

तिखटमीठ | १ सप्टेंबर २०२४

आणि टेप चांगली लावा. आमच्या बॉक्समधून वारा टेपच्या फटीतूनच पळत होता, फिल्टर महिनाभर पांढराशुभ्र, बायको म्हणाली बघ इथली हवा किती स्वच्छ आहे.